काळजाचा कानाकोपरा

वाचकहो, गेली कित्येक वर्षे दिवाळीच्या निमित्ताने या पानावर आपली गाठ पडते. फराळ बेताने खा, फटाके उडवताना पोरांच्या अंगावर सुती कपडे घाला, जागरणे फार करू नका, असा उपदेश मी दरवर्षी करतो आणि तुम्ही तो दरवर्षी मनावर न घेता वाचता. यंदा उपदेश ऐकण्याची पाळी माझ्यावर आली. चाळीस वर्षे दुसऱ्यांच्या नाड्या पाहिल्या आणि दवाखाना बंद करून घरी बसल्यावर एके दिवशी आपलीच नाडी पाहण्याची वेळ आली, त्याची ही हकिगत आहे. हकिगतीत माझी फजिती आहे. ती गाळूनही सांगता आली असती. पण मग सांगण्यासारखे फारसे उरले नसते.

गेल्या वर्षी भाद्रपदातली गोष्ट. एका स्नेह्यांकडे गौरीच्या जेवणाला गेलो होतो. तिसऱ्या मजल्यावर पोहोचलो तो छातीत कोणीतरी पिशवीत कोंडलेले पाखरू सोडून दिल्यासारखे वाटले. सवयीने दोन बोटे मनगटावर गेली. एकाहत्तराव्या वर्षी जिना चढल्यावर नाडी जलद चालावी यात नवल नाही. पण या नाडीला ठेकाच नव्हता. एक ठोका लवकर, दुसरा उशिरा, तिसरा इतका हलका की बोटाला लागेना. तबलजीने तालच सोडून द्यावा आणि समेवर कधी येणार ते त्याचे त्यालाही ठाऊक नसावे, तशी तिची चाल. अशी नाडी मी शेकडो वेळा पाहिली होती. फक्त ते मनगट माझे नव्हते.

या दुखण्याचे नाव एट्रियल फिब्रिलेशन. रोग्यांना सांगताना मी त्याला 'काळजाची थरथर' म्हणत असे. हृदयाचे चार कप्पे. वरच्या दोघांनी शिस्तीने आकुंचन पावून रक्त खाली ढकलावे आणि खालच्या दोघांनी ते शरीरभर पाठवावे, असा रिवाज आहे. या विकारात वरचे कप्पे आकुंचन पावायचे सोडून नुसते थरथरत राहतात. माणूस त्याने लगेच दगावत नाही. काहींना धडधड होते, दम लागतो. काहींना तर काही कळतही नाही. खरी धास्ती वेगळीच आहे.

डाव्या वरच्या कप्प्याला एक लहानशी पिशवी चिकटलेली असते. तिचा आकार पाहून जुन्या शरीरशास्त्रज्ञांनी तिला कानाची उपमा दिली. काळजाचा हा कानाकोपराच म्हणा ना! वाहत्या पाण्यात शेवाळ धरत नाही, डबक्यात धरते. कप्पा थरथरू लागला की या कोपऱ्यात रक्त साचते आणि साचलेल्या रक्ताची गुठळी होते. हृदयाच्या झडपा शाबूत असलेल्या रोग्यांत डाव्या वरच्या कप्प्यातल्या गुठळ्या दहांपैकी नऊ वेळा याच कोपऱ्यात सापडतात. गुठळी तिथून सुटली की खालच्या कप्प्यात, तिथून मोठ्या धमनीत आणि तिथून पुष्कळदा सरळ मेंदूत जाते. मग तोंड वाकडे होते, हातपाय लुळा पडतो, वाचा जाते. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावी पिढ्यान् पिढ्या जो अभ्यास चालला आहे, त्यातून १९९१ साली असे मांडले गेले की, या विकाराने पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो. म्हणून या रोग्यांपैकी पुष्कळांना रक्त पातळ ठेवण्याची गोळी देतात. माझे वय आणि जुना रक्तदाब, असे दोन गुण माझ्या पदरी होतेच. मलाही ती सुरू झाली. सकाळी एक, संध्याकाळी एक.

ठेका ताळ्यावर आणण्यासाठी औषधे झाली. चार महिने त्यांनी दाद दिली नाही. तेव्हा अब्लेशनचा विचार निघाला. कॅथेटर म्हणजे बारीक लवचिक नळी हृदयापर्यंत नेऊन बिघाडाची जागा निकामी करणे, हा त्याचा अर्थ. हृदयात नळी घालण्याचा उद्योग पहिल्याने स्वतःवर केला तो वेर्नर फोर्समान या तरुण जर्मन डॉक्टरने, १९२९ साली. दंडाच्या शिरेतून नळी आत सारून हा पठ्ठ्या स्वतःच्या पायांनी क्ष-किरणांच्या खोलीपर्यंत चालत गेला. १९५६ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे १९९८ साली फ्रान्समधील बोर्दो येथे मिशेल हाइसागेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४५ रोग्यांवरून दाखवून दिले की, थरथर सुरू करणाऱ्या ठिणग्या बहुतेक वेळा फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी पडतात. तेव्हापासून त्या शिरांभोवती कडे करून ठिणगीची वाट अडवायची, ही रीत पडली. हे कडे कोणी उष्णतेने भाजून करतात, कोणी गोठवून, आणि अलीकडे विजेच्या अतिजलद स्पंदनांनी.

माझे काम करणार होती ती माझ्या एका वर्गबंधूची मुलगी. लहानपणी तिला लस टोचायला चौघांनी धरावे लागे. आता ती मला धरणार होती.

"धोका काय आहे?" मी विचारले.

"काका, तुम्हाला सगळं ठाऊक आहे."

"ठाऊक आहे म्हणूनच विचारतो. इतर रोग्यांना सांगतेस तसं सांग."

मग तिने सांगितले, आणि आडपडदा न ठेवता सांगितले. २०१० साली जगभरच्या १६,३०९ रोग्यांचा जो आढावा प्रसिद्ध झाला, त्यात पक्षाघाताचे प्रमाण दर शेकडा ०.२३ होते, म्हणजे साधारण सव्वाचारशेंत एक. थोड्या वेळात आपोआप ओसरणाऱ्या झटक्याचे प्रमाण ०.७१. हृदयाभोवतीच्या आवरणात रक्त साचण्याचा प्रकार त्याहून अधिक, १.३१. नव्या विजेच्या स्पंदनांच्या पद्धतीचा सतरा हजारांवर रोग्यांचा आढावा २०२४ साली आला. त्यात पक्षाघात ०.१२ होता, म्हणजे आठशेंत एक. "आकडा लहान आहे, पण शून्य नाही," ती म्हणाली. "आणि ज्याला होतो, त्याला तो शंभर टक्के होतो."

पक्षाघात टाळायचा म्हणून ज्या दुखण्यावर इलाज करायचा, त्या इलाजानेच पक्षाघात होऊ शकतो, हे ऐकून तुम्हाला नवल वाटेल. त्याच्या वाटा मात्र समजण्याजोग्या आहेत. पहिली वाट, त्या कोपऱ्यात आधीच दडलेली गुठळी नळीच्या हालचालीने सुटणे. दुसरी, नळी ही शरीराला परकी वस्तू, म्हणून तिच्याच अंगावर नवी गुठळी धरणे. तिसरी, उष्णतेने नळीच्या टोकाशी रक्त करपून त्याची खपली निघणे. ती टळावी म्हणून आता टोकाशी सतत सलाइन खेळते ठेवतात. चौथी, नळ्या बदलताना हवेचा बुडबुडा आत जाणे. याखेरीज एम.आर.आय. काढला तर काही रोग्यांच्या मेंदूत बारीक नवे ठिपके दिसतात. त्यांना बाहेरून लक्षण काहीच नसते, आणि त्यांचे प्रमाण पद्धतीप्रमाणे व यंत्राप्रमाणे बरेच बदलते.

"म्हणून एकच सांगणं आहे," ती म्हणाली. "गोळी एकही चुकवायची नाही. आधीचे तीन आठवडे तर मुळीच नाही."

इथे मला माझा एक जुना रोगी आठवला. बाजारपेठेतल्या पेढीवर हिशेब लिहिणारे गृहस्थ. लहानपणच्या सांधेतापाने हृदयाची झडप अरुंद झालेली, नाडी माझ्या आताच्या नाडीसारखीच बेताल. ते रक्त पातळ करण्याची गोळी घेत. एकदा त्यांची दाढ काढायची होती. रक्तस्राव होईल म्हणून मी आठवडाभर गोळी बंद करायला सांगितली. त्या काळी तशीच रीत होती. पाचव्या दिवशी पहाटे त्यांचा मुलगा धावत आला. मी गेलो तो तोंड डावीकडे ओढलेले, उजवा हात लुळा आणि वाचा गेलेली. पुढे नऊ वर्षे ते जगले. दर महिन्याला मुलाचा हात धरून दवाखान्यात येत. बोलण्यातला एकच शब्द त्यांच्यापाशी उरला होता, "बरं". मी विचारी, कसं काय? ते म्हणत, बरं. झोप येते ना? बरं. त्यांनी किंवा त्यांच्या मुलाने मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर मला सोपे गेले असते.

अब्लेशनच्या आधीही पूर्वी अशीच गोळी थांबवीत. मग २०१४ साली एक तुलना प्रसिद्ध झाली. आठशेच्या आसपास रोग्यांचा एक गट, त्यांची वॉरफरिनची गोळी थांबवली. तेवढ्याच रोग्यांचा दुसरा गट, त्यांची चालू ठेवली. थांबवलेल्यांत पक्षाघात आणि ओसरणारे झटके मिळून ३९ जणांना त्रास झाला. चालू ठेवलेल्यांत दोघांना. रक्तस्रावाच्या भीतीने जी गोळी आपण थांबवीत होतो, तिच्या थांबण्यातच मोठी भीती होती. हे वाचले तेव्हा मी पेढीवरच्या त्या गृहस्थांचा बराच वेळ विचार केला होता.

आणि इतके सगळे ठाऊक असलेल्या मी काय केले? माघात पुतणीचे लग्न निघाले, राजापूरजवळ. अब्लेशनची तारीख नऊ दिवसांवर. सौ. म्हणाली, "अहो, गोळ्या घेतल्या का?" मी म्हणालो, "डॉक्टरला विचारतेस?" गोळ्यांचे पाकीट घरी टेबलावर राहिले ते देवकार्याच्या दिवशी ध्यानात आले. गावात औषधांचे दुकान नव्हते, राजापूरला जायला गाडी मोकळी नव्हती. आणि खरे सांगायचे तर, चार दिवसांनी काय होते, असे मनाने घेतले. वॉरफरिनचा परिणाम थांबवल्यावरही काही दिवस रेंगाळतो. या नव्या गोळ्यांचा जोर दिवसभरात उतरतो. हे मी याच पानावर तुम्हाला सांगितले आहे. चार दिवस मांडवात मिरवलो, पंगतीत वाढपी झालो, आणि घरी येऊन मुकाट्याने गोळ्या पुन्हा सुरू केल्या.

इस्पितळात दाखल झालो त्या संध्याकाळी ती कागद घेऊन आली. "काका, गोळी चुकली नाही ना?"

शेजारी सौ. उभी होती. ज्या पोरीला मी लस टोचली तिच्यापुढे, आणि जिला 'डॉक्टरला विचारतेस' म्हणालो तिच्यापुढे, कबूल करायचे जिवावर आले. 'नाही' हा शब्द अगदी ओठांवर होता. त्या क्षणी पेढीवरच्या त्या गृहस्थांचा 'बरं' मला ऐकू आला, असे मी म्हणणार नाही. भुतेखेते माझ्या विषयात बसत नाहीत. पण त्यांचा चेहरा समोर आला हे खरे.

"चुकली," मी म्हणालो. "चार दिवस."

ती रागावली नाही. "बरं झालं सांगितलंत," एवढेच म्हणाली. सौ. मात्र काहीच बोलली नाही, आणि तिचे न बोलणे मी ओळखतो. दुसऱ्या दिवशी सकाळी घशातून नळी घालून हृदयाची सोनोग्राफी केली. अन्ननलिका या डाव्या कप्प्याच्या अगदी पाठीला लागून जाते, म्हणून त्या बाजूने कोपरा स्वच्छ दिसतो. गुंगी उतरल्यावर तिने मला चित्र दाखवले. करड्या कोपऱ्यात एक पांढुरका, गुळगुळीत गोळा. वाटाण्याएवढा. गोळ्या नियमाने घेऊनही क्वचित गुठळी होते, तेव्हा ही त्या चार दिवसांचीच कमाई असे छातीठोकपणे सांगता येत नाही, असे ती म्हणाली. ते तिने माझी लाज राखायला म्हटले असावे.

अब्लेशन अर्थातच रहित झाले. गुठळी असताना डाव्या कप्प्यात नळी न्यायची नाही, हा नियम आहे.

पुढचे सहा आठवडे सौ.ने कारभार हाती घेतला. जुना मिसळणाचा डबा घासूनपुसून काढला. त्यात सात वाट्या, वार सात. एकेका वाटीत दोन-दोन गोळ्या, पाकिटासकट कातरून ठेवलेल्या. रिकामे पाकीट तिला दाखवल्याशिवाय मला चहा मिळत नसे. चैत्रात पुन्हा घशातून नळी घातली. कोपरा स्वच्छ होता.

दुसऱ्या दिवशी काम झाले. मी भुलीच्या गुंगीत होतो, पण क्रम सांगतो. जांघेतल्या शिरेतून नळ्या उजव्या वरच्या कप्प्यात जातात. तिथून मधल्या पडद्याला बारीक सुईने भोक पाडून डावीकडे जायचे. त्या सुमारासच हेपारिन देतात, आणि रक्त गोठायला लागणारा वेळ पुन्हा पुन्हा मोजून तो ३०० सेकंदांच्या वर ठेवतात. नळ्यांतली हवा काढून टाकण्याविषयी तर ही मंडळी सोवळ्यातल्या आजीबाईंहून कडक असतात. आठशेंतला तो एक टाळण्याची खटपट ती हीच.

जाग आली तो ती समोर. "काका, कसं वाटतंय?"

"बरं," मी म्हणालो.

आणि स्वतःचाच तो शब्द ऐकून माझ्या अंगावर काटा आला. मी घाईघाईने माझे पूर्ण नाव, पेठ, घरनंबर, पिनकोड, सौ.चे माहेरचे नाव, सगळे धडाधड म्हणून दाखवले. दोन्ही हात वर केले. ती हसू लागली. तिला काय ठाऊक!

असो. आता तुमच्या कामाच्या चार गोष्टी सांगतो.

पहिली, नाडी सुधारली म्हणजे गोळी सुटली, असे नव्हे. अब्लेशननंतर किमान दोन ते तीन महिने गोळी घ्यावीच लागते, कारण भाजलेली जागा ताजी असते आणि कप्पा अजून सुस्त असतो. त्यानंतर चालू ठेवायची की नाही, हे वय, रक्तदाब, मधुमेह, पूर्वीचा झटका, हृदयाची कमजोरी यांवर ठरते. केवळ ठेक्यावर नव्हे, कारण थरथर गुपचूप परत येऊ शकते. २०२५ साली कोरियातून ८४० रोग्यांचा एक अभ्यास आला. अब्लेशननंतर वर्षभर थरथर परतली नव्हती अशा निवडक रोग्यांत गोळी थांबवणाऱ्यांचे काही बिघडले नाही, उलट त्यांना रक्तस्राव कमी झाला. तेव्हा हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा. पण उत्तर त्यांनाच देऊ द्या.

दुसरी, अब्लेशन हे पक्षाघाताविरुद्धचे कवच समजू नका. २,२०४ रोग्यांची मोठी चाचणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात मृत्यू, पंगू करणारा पक्षाघात वगैरे मिळून पाहिले असता औषधांच्या तुलनेत निर्णायक फरक दिसला नाही. धडधड, दम, थकवा मात्र कमी झाला. ते सुख लहान नाही. पण कशासाठी काय करतो आहोत ते स्पष्ट असावे.

तिसरी, फार विरळा पण प्राणघातक. अन्ननलिका पाठीला लागून असते, हे वर सांगितलेच. उष्णतेने तिला इजा झाली तर काही दिवसांनी हृदय आणि अन्ननलिका यांच्यामध्ये भोक पडते, आणि त्यातून हवा व जंतू रक्तात शिरून मेंदूत जातात. साडेपाच लाखांवर अब्लेशनांचा आढावा २०२३ साली निघाला, त्यात असे १३८ रोगी सापडले. सुमारे चार हजारांत एक. त्यांतले जवळजवळ दोन-तृतीयांश दगावले. हे बहुधा दोन-तीन आठवड्यांनी, माणूस घरी येऊन कामाला लागल्यावर होते. म्हणून पहिल्या दोन महिन्यांत ताप, छातीत दुखणे, गिळताना त्रास किंवा पक्षाघाताचे लक्षण दिसले तर साधा ताप समजून घरी बसू नका. जिथे अब्लेशन झाले तिथे कळवा, आणि कोणी घशातून दुर्बीण घालू लागले तर आधी अब्लेशन झाल्याचे सांगा. दुर्बिणीबरोबर जी हवा भरतात, तीच घात करते. तपास सी.टी. स्कॅनने करतात.

चौथी, तोंड वाकडे, हात लुळा, बोलणे अडखळते, यांतले एकही अचानक दिसले तर घड्याळ पाहा आणि सी.टी. स्कॅनची सोय असलेल्या इस्पितळात तडक जा. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनला साडेचार तासांची मर्यादा असते. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर तिचे नाव आणि शेवटची केव्हा घेतली ती वेळ सांगा. त्यावर इंजेक्शन द्यायचे की नळीने गुठळी ओढून काढायची, हे अवलंबून असते.

आणि पाचवी गोष्ट या चारांच्या आधीची. गोळी चुकली असेल तर सांगा. डॉक्टर रागावतील, बायको अबोला धरील. पण त्या कोपऱ्यातला वाटाणा कोणाची भीड धरीत नाही.

सध्या माझी नाडी ठेक्यात आहे. मिसळणाच्या डब्याला मात्र निवृत्ती मिळालेली नाही. वयाचा आणि रक्तदाबाचा गुण काही अब्लेशनने जात नाही, म्हणून आम्ही विचारपूर्वक गोळी चालू ठेवली आहे. नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान करून मी बाहेर येईन, पाटाभोवती रांगोळी असेल, ताटात चकल्या आणि अनारसे असतील. पण पहिली वाटी पुढे येईल ती त्या वाराची. ती रिकामी करीन, पाकीट दाखवीन, आणि मगच चकलीला हात लावीन. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी अशी वाटी आहे, त्यांनीही तसेच करावे. दिवाळी तुम्हाला सुखाची जावो.